मायच्या चालीची मोजनी

आमच्या घरमालकानं मले खोल्या दाखवाच्या आंधी मलेच मोजलं. दाराच्या चौकटीले टेकवून उभं केलं, डोक्यावर पट्टी ठेवली, पेन्सिलीनं रेघ मारली अन् म्हने, पाच फूट साडेसात इंच. मधल्या खोलीचं दार पाच फूट सहाचं हाये, वाकून जाजो. मी म्हनलं, बराबर हाये साहेब. अन् तसाच ताठ अंदर गेलो. कपायाले टेंगूय आलं. साहेबानं ते जवय येऊन पाह्यलं अन् म्हने, "दीड इंचच वर होतं तुहं डोकं. मी सांगतलं होतं."

तवाच मले समजलं का ह्या मानसाचं आयकाचं. समजलं, पन आयकलं नाई. माहं साऱ्याच गोष्टीत असं हाये.

साहेब जमिनीच्या मोजनीच्या हापिसातले. गाव बाळापूर, अर्धी नोकरी अकोल्याकडं झाली, अर्धी अमरावतीकडं. रिटायर झाल्यावर अठी अमरावतीत घर बांधून एकटेच राहत. सारी गल्ली त्याईले मोजनीसाहेब म्हने. खरं नाव फाटकावरच्या पाटीवर होतं, पन मले वाचता कुठी येते. मी शायेत गेलो ते दोन पावसाये. आकडे तेवढे शिकलो, कावून का भाजी इकाले आकडे लागते. अक्षर मले आजही मुंग्यायची रांग वाटते. आमी भातकुलीकडचे. भाऊ वावरात भाजी पिकवते, मी अमरावतीत ठेल्यावर इकतो. म्हंजे अक्कल त्याची अन् बोंब माही.

जवय अन् दूर हे शब्द साहेबाच्या तोंडात नव्हतेच. कोनी म्हनलं, दवाखाना जवयच हाये, का ते थांबत अन् इचारत, जवय म्हंजे किती. चौकातल्या पानटपरीवाल्यानं एकदा 'हे काय, दोन पावलावर' म्हनलं, तं त्याले टपरीतून खाली उतरवलं अन् संग चालवत नेलं. एकशे साठ पावलं भरले. तवापासून कोनी रस्ता इचारला अन् साहेब दिसले, का तो टपरीवाला म्हने, मले मालूम नाई बाप्पा, मी ह्या गावचा नाई.

माह्या ठेल्यावर काकडी घेतली तं वीत लावून घेत. अंगनात पापड वायू घालाच्या जागेवरून माह्या बायकोचं अन् बाजूच्या भाडेकरनीचं वाजलं, तवा साहेबानं फीत काढली, अंगन मोजलं अन् गेरूनं बरोबर मधात रेघ मारली. दोघींचं भांडन मिटलं. मंग दोघी मिळून साहेबावर चिडल्या, कावून का त्या रेघीवर साहेबानं आपली खुर्ची टाकली अन् म्हने, ही जागा कोनाचीच नाई, अठी मी बसीन.

चालत मातर लंगडत. अकोल्याकडं एका मोजनीत धुऱ्यावरून घसरले होते. धुरा म्हंजे दोन वावरांच्या मधातली हद्द. खुबा मोडला, ऑपरेशन झालं. त्याच्यानंतर तीन महिने जो भेटे त्याले सांगत, बरा हाये, चालून राह्यलो. चालत होते, पन कसं चालून राह्यलो हे कोनी पाह्यलं नाई, त्याईनंही नाई. हाड वाकडं जुळलं. पाय तीन बोटं आखूड झाला, मंग एका चपलेले जाड तळ लावून घेतला. "तालुकेच्या तालुके मोजले," ते म्हनत, "अन् आपला पाय मोजाचा राह्यला."

आता माही करामत आयका.

भाजीवाल्याची सकाय पान्यानं होते. पालक, मेथी, सांबार म्हंजे कोथिंबीर, साऱ्यावर पानी मारा लागते, नाई तं दहा वाजेलोक माल मान टाकते. खाली गोनपाट टाकून पानी मार, असं माय रोज सांगे. मी अंगनातल्या फरशीवरच मारो. गोनपाट टाका, मंग उचला, मंग वायू घाला, एवढा उद्योग कोन करन. त्या दिवशी माय सांबार निवडाले आली अन् तिचा पाय घसरला. मले आवाज आला, कापसाची वायली पऱ्हाटी मोडल्यावानी.

साऱ्या गल्लीले मी सांगतलं का मांजर आडवं आलं. मायनं बाजीवर पडल्या पडल्या माह्याकडं पाह्यलं, अन् येनाऱ्या-जानाऱ्याले तिनंही तेच सांगतलं. मांजर आडवं आलं. मांजराचा रंगही सांगतला तिनं. काया.

खुब्याचं हाड होतं. डॉक्टरनं अंदर सळाख अन् स्क्रू टाकला, वॉकर देल्लं अन् घरी पाठवलं. टाके काढाले गेलो तवा डॉक्टर इचारे, आजी कशा चालतात? मी म्हनलं, मस्त. डॉक्टर म्हने, "मस्त म्हणजे? किती वेळात किती अंतर? हात न टेकवता खुर्चीतून उठतात का?" मी म्हनलं, डॉक्टरसाहेब, मस्त म्हंजे आता कसं सांगू, मस्त. त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं. मले वाटते माह्याबद्दलच लिहिलं असन.

घरी येऊन हे मी घरमालकाले हासत हासत सांगतलं. ते हासले नाई. म्हने, मस्त हे काय माप हाये? अन् दुसऱ्या दिवशी सकायी नवाच्या ठोक्याले फीत, गेरू अन् बटनाचं घड्याळ घेऊन अंगनात आले.

टाकीपाशी एक रेघ, फाटकाकडं दुसरी. मधात चार मीटर. माय वॉकर घेऊन पयल्या रेघीवर उभी राहे, साहेब 'चाला' म्हनत अन् बटन दाबत. मी बाजूनं चालो, पडली तं धराले. दुसरी रेघ ओलांडली का परत बटन. किती सेकंद लागले अन् किती पावलं पडले, हे दोन्ही कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहित. मंग खुर्चीतून पाच खेपा उठ-बस, तेही घड्याळावर. पयल्या दिवशी चार मीटरले बावीस सेकंद लागले, चौदा पावलं.

माय भडकली. "मले काय इकाचं हाये का तुमाले, अशे मोजून राह्यले?"

साहेब घड्याळ पुसत म्हने, "इकाचं असतं तं अंदाजेच सांगतलं असतं, बाई."

पन चार दिवसात मायले त्याचा चस्का लागला. नऊ वाजाच्या आंधी वेनी घालून, चांगलं लुगडं नेसून तयार. बाया फाटकापाशी उभ्या राहत. बाविसाचे वीस झाले, विसाचे अठरा, मंग सोळा. पावलं चौदाचे बारा. दर खेपी मी टाया वाजवो. माय वरवर म्हने, गप राह्य, लोकं पाहून राह्यले. अन् रेघ ओलांडली का पयले माह्याच हाताकडं पाहे.

मंग सोळावर गाडी अटकली. आज सोळा, उद्या सोळा, परवा सोळा. आठ दिवस तेच. मायनं एक दिवस जेवन सरकवून देल्लं, भिंतीकडं तोंड केलं अन् म्हने, "बस झालं आता. मले बाजीवरच राहू दे."

आमच्या गल्लीत अशा दोन बुढ्या पाह्यल्या होत्या मी. खुबा मोडला, बाज धरली, मंग बाजीवरूनच गेल्या. अन् ह्या बुढीले बाजीवर मी पाडलं होतं, मांजरानं नाई.

आमच्या घरान्यात शिक्षन नाई, पन एक हुनर हाये. माहा आजा दर पेरनीले धुरा एक तास सरकवे. तास म्हंजे नांगराची एक रेघ. एवढीशी जमीन, बाजूच्या वावरवाल्याले वीस वर्ष समजलं नाई. ते रगत माह्या अंगात होतंच. साहेब संध्याकायी पाच वाजता वाचनालयात पेपर वाचाले जात. ते गेले का मी ओला फडका घेतला, फाटकाकडची रेघ पुसली अन् दोन बोटं अलीकडं नवी मारली. जुन्या रेघीचा डाग फरशीवर राह्यला, तं त्याच्यावर गोनपाट टाकलं. जे गोनपाट माय पडाच्या आंधी टाकाले माह्यानं होत नव्हतं, ते आता मी रोज टाको.

दुसऱ्या दिवशी साडेपंधरा. माय जेवली. वरून चटनी मांगतली.

मंग मले तरी कोन थांबवते. रोज दोन बोटं. तीन आठवडे. साहेब गेरूच्या रेघीवर भरोसा ठेवून होते, आपल्या हातची रेघ हाये म्हनून. आकडा कधी पंधरा, कधी साडेपंधरा. माय खुश, मी खुश, बाया खुश. मी तं ठेल्यावर गिऱ्हाइकायले सांगत सुटलो का दिवाळीलोक माय पयाले लागते.

साहेब मातर कॅलेंडरपुढं जास्त येय उभे राहाले लागले.

एका सकायी मायची चाल झाल्यावर त्याईनं मले बलावलं. चौकोनावर बोट ठेवलं. म्हने, सेकंद कमी झाले, चांगलं हाये. पावलंही बाराचे दहा झाले. पन बाईचं पाऊल मी रोज पाहून राह्यलो, ते पयलेएवढंच पडते. मंग पाऊल तेवढंच अन् पावलं कमी, तं रस्ता आखूड झाला का नाई?

मी म्हनलं, गरमीनं होत असन साहेब, फरशी आकसते.

त्याईनं माह्याकडं पाह्यलंही नाई. फीत काढली. एरवी दुसरं टोक माह्या हातात देत, त्या दिवशी टोकावर ईट ठेवली. फीत तानली. तीन मीटर तीस. गोनपाट उचललं. खाली जुन्या रेघींचे डाग, एकाखाली एक, नांगरल्यावानी.

"मी जल्मभर धुरे मोजले," साहेब हयूच म्हने. "भावानं भावाचा सरकवला, पोरानं बापाचा सरकवला, सारं पाह्यलं. पन ते दुसऱ्याचं आपल्यात घ्याले सरकवत होते. आपल्याच मायचं कमी कराले धुरा सरकवनारा तू पयला."

मी खाली पाहत होतो. फरशीत जागा असती तं अंदर गेलो असतो, पाच फूट साडेसात इंच.

साहेबानं चार मीटरवर नवी रेघ मारली अन् मायले म्हने, बाई, आज एक खेप अजून चाला. माय चालली. अठरा सेकंद. कॅलेंडरवर आमी सोळाच्या खाली उतरून राह्यलो होतो, अन् जमिनीवर माय मांगं चालली होती. शेवटच्या दोन पावलाले तिनं ओठ दाबला. मी बाजूनंच होतो, मले कधी दिसलं नाई. टाया वाजवनाऱ्याचे डोये हातावर राह्यते. साहेबाले दिसलं.

"दुखते का, बाई?"

"नाई."

साहेब उभेच. माय माह्याकडं पाहे, मंग वॉकरकडं. "थोडं दुखते," ती म्हने. "पंधरा रोज झाले."

मी म्हनलं, माय, मंग बोलली काहून नाई?

"तू रोज टाया वाजवे," माय म्हने. "मले वाटलं, पोरगं एवढं खुश हाये, राहू दे."

म्हंजे मी तिच्यासाठी रेघ सरकवत होतो अन् ती माह्यासाठी दुखनं गियत होती. दोघंही एकमेकाले खुश करता करता तिचा पाय घालवत होतो. अन् त्या अंगनात खरं बोलनारं एक घड्याळच होतं, त्यालेही मी फसवलं.

साहेब म्हने, लगेच निघाचं. ऑटो बलावला. ते समोर डायवरच्या बाजूले बसले अन् दर गतिरोधकाच्या आंधी त्याले सांगत, वीस मीटरवर हाये, आतापासून हयू घे. डायवर म्हने, काका, मी ह्या रस्त्यावर रोज चालवतो. साहेब म्हने, रोज चालवनाराच इसरते.

हाडाचा फोटो काढला. डॉक्टरनं तो उजेडात धरला अन् दाखवला. अंदरचा स्क्रू बाहेर सरकाले लागला होता. मायचं वजन त्याच्यावर पडे अन् तो रोज थोडा थोडा सरके. माह्या रेघीसारखाच, मले वाटलं. डॉक्टर म्हने, "वेळेवर आलात. अजून थोडे दिवस गेले असते तर सांधाच बदलावा लागला असता. कोणाच्या लक्षात आलं?" मी साहेबाकडं बोट दाखवलं. साहेब म्हने, पावलायच्या लक्षात आलं.

लहान ऑपरेशन करून स्क्रू बदलाचं ठरलं. मायले अंदर नेलं अन् मी दवाखान्याच्या पान्याच्या टाकीपाशी बसून रडलो. बाजूचा एक मानूस समजला का माहं कोनी गेलं, त्यानं माह्या खांद्यावर हात ठेवला. मी त्याले म्हनलं, नाई बाप्पा, कोनी गेलं नाई, वाचलं हाये, म्हनून रडून राह्यलो. त्यानं हात काढून घेतला.

साहेब येऊन बसले. मी साऱ्या गोष्टी ओकून टाकल्या. पानी फरशीवर मीच मारलं, मांजर-गिंजर काही नव्हतं.

"मले माहीत हाये," साहेब म्हने. "घसरल्याची रेघ दीड हात लांब होती. ओली. मांजर आडवं आलं तं मानूस असा घसरत नाई, तोंडावर पडते. मी त्याच दिवशी मोजलं होतं."

"मंग बोल्ले काहून नाई?"

"जमिनीची मोजनी मांगतली त्याचीच करतो मी," ते म्हने. "तू मांगतली कुठी होती?"

डॉक्टरनं मायले अंदरून बाहेर आनलं तवा माय गुंगीत होती अन् म्हनत होती का मांजराले दूध द्या.

मंग पयल्यापासून सारं. साहेबानं यावेळी कॅलेंडरवर लिहाचं काम मलेच देल्लं. आकडे तेवढे येते न तुले, म्हने, मंग जसे असन तसे लिह्य. एकदा तेवीसचे चोवीस झाले, तं मी दहा मिनिटं पेन्सील धरून बसलो. साहेबानं वाट पाह्यली. मी चोवीस लिहिले. मायनं चौकोनाकडं पाह्यलं अन् म्हने, "पाय दुखला आज, म्हनून." सांगतलं तिनं. तेल लावलं, एक दिवस आराम केला. दोन दिवसानं बावीस. उतरत उतरत सतरा, चौदा, अकरा. वॉकर सुटलं, काठी आली. आठ सेकंदावर येऊन थांबली. यावेळी मी रेघीकडं पाह्यलंही नाई. टाया वाजवनं बंद केलं होतं, त्याच्यानं हाताले खाज येई.

आता साहेब अमरावतीत नाई. अकोल्याले पोरीनं नेलं त्याईले. ऐतवारी फोन येते, मी हॅलो म्हनाच्या आंधी इचारते, किती? जावई सांगे का साहेब कॉलनीत फिराले जाते अन् कॉलनीतले लोकं दुसऱ्या रस्त्यानं जाते. मले त्या लोकायचं दुःख समजते.

पन जाच्या आंधी एक गोष्ट झाली.

सकायचे दहा असन. मी ठेला लावून घरी चहा प्याले आलो, तं बाजीवर माय नाई. मोरीत नाई, मांगं नाई. काठी नाई. बायको म्हने, मी धुनं टाकत होती, पाव घंटा झाला असन. मी बोंब मारत बाहेर पयालो. पायात एक चप्पल माही होती, एक बायकोची.

साहेबानं मले फाटकात धरलं. म्हने, गडबड नको करू, हिशेब कर. "चार मीटरले आठ सेकंद. पाव घंट्यात साडेचारशे मीटर. थकनं, थांबनं धरून तीनशे. त्याच्या बाहेर ती जाऊच शकत नाई. तीनशे मीटरच्या अंदर पाह्य."

आमी तीनशे मीटरच्या अंदर सारं पाह्यलं. मंदिर, पीठगिरनी, दवाखाना, हर एक फाटक. मी दोन नाल्यायत वाकून पाह्यलं. कुठी नाई. तिसऱ्या नाल्यात मी गुडघ्यावर बसून हात घातला. माह्या मनात ती पडलीच होती, दुसरा खुबा मोडला होता अन् यावेळी मांजरही नव्हतं. साहेब रस्त्याच्या मधात उभे राहून घड्याळाकडं पाहत होते. त्याईचं तोंड मी पयल्यांदा असं पाह्यलं, हिशेब चुकलेल्या मानसाचं.

मी एक ऑटो थांबवला, म्हनलं, पेशंट हाये, चाल लवकर. अन् मोठ्या रोडच्या चौकात गेलो तं माय दिसली.

दुसऱ्याच एका भाजीवाल्याच्या ठेल्याले काठी टेकवून ठेवली होती अन् दोन्ही हातानं मेथीच्या जुड्या उलट्या-पालट्या करून राह्यली होती. त्याले सांगत होती का ही पोट्ट्यायच्या हातची मेथी हाये, बुडात माती हाये.

मी म्हनलं, माय, घरात भाजीवाला असून अठी?

"तुही मेथी मी पाह्यली हाये," माय म्हने.

साहेब मांगून लंगडत आले. दम लागला होता. ठेलेवाला त्याईले म्हने, बुढी अर्ध्या घंट्यापासून माह्या जुड्या उलटवून राह्यली. "बाई, हे साडेसातशे मीटर हाये," ते म्हने. "पाव घंट्यात? रोज तं आठ सेकंद लागते तुमाले."

"तुमच्या घड्याळापुढं मी जपून चालते," माय म्हने. "पडली तं तुमचं नाव जाईन."

साहेबानं घड्याळ काढलं, पाह्यलं अन् परत खिशात टाकलं. मंग म्हने, "चुकलो मी." अन् अशे म्हने जसं पोराचा रिझल्ट लागला अन् पयला नंबर आला. एक खेप ठेलेवाल्याले म्हने, चुकलो. एक खेप मले म्हने. ठेलेवाल्याले काहीच समजलं नाई, त्यानं घाबरून मेथीची एक जुडी वरून टाकली.

मी मायले म्हनलं, चाल, ऑटोत बस. ती म्हने, आली तशी जाईन. साहेब म्हने, मीही पायीच जातो, बाईची खरी चाल मले आजलोक पाह्याले भेटली नाई. अन् निघाले दोघं. माय समोर काठी टेकत, साहेब एक पाय आखूड घेऊन मांगं, आज त्याईचं घड्याळ खिशातच.

मीही चालाले पाय उचलला तं उचलेना. नाल्यायत वाकून वाकून गुडघे गेले होते, अन् एका पायात बायकोची चप्पल.

ऑटोवाला तसाच उभा होता. इचारे, "पेशंट कुठी हाये?"

मी मेथी घेऊन अंदर बसलो. म्हनलं, "चाल बाप्पा, मीच हाये."